माहेर विचारून घेतलेला डायनामो

जगातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला माहेर असतं आणि ते विचारल्याशिवाय तिला घरात घेऊ नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं मैंदर्गीला आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामा म्हणते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. सोलापूरला त्यांच्याकडं राहायला आले तेव्हा माझी अशी समजूत होती, की शहरातली माणसं शहाण्यासारखी वागत असणार. रिक्षातून उतरून फाटक उघडलं, तर मामा बँडवाल्याचा पितळी बटणांचा लाल कोट घालून अंगणात बसले होते आणि एका मडगार्डाशी बोलत होते. "खरं सांग," ते त्याला म्हणाले, "तू पाण्यात हुतास की न्हाय?" मडगार्ड गप्प राहिलं. मामांनी माझ्याकडं मान वळवली. "ये बाय. हे खोटं बोलतंय. पुरात सापडलेल्या गाडीचं हाय. चिखलाचा वास येतोय बघ." मी बॅग खाली ठेवून वास घेतला. खरं सांगायचं तर मला फक्त गंजाचा वास आला. पण पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून मी मान हलवली.

मामा आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. पुढं दात पडले, कवळी आली आणि कवळीवर सूर धरेना. वाद्य कापडात गुंडाळून कपाटावर गेलं, कान मात्र रिकामे राहिले. ते रिकामे कान मग लोखंडाकडं वळले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक यंत्रावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून ते तासन् तास डोळे मिटून बसत. नट आवळला की त्यावर पान्यानं टिचकी मारत आणि आवाज मनासारखा निघेपर्यंत आवळत राहत. त्यांचं निदान नेहमी बरोबर येई असं मात्र नाही. घरातला मिक्सर ऐकून "हा गंधारात बोलतोय, ह्याला मरण न्हाय" असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तो शेंगदाण्याच्या चटणीसकट जळाला. मामा त्याच्यापाशी हात जोडून म्हणाले, "मी सूर ऐकला, तुझं दुखणं ऐकलं न्हाय. चुकलं माझं." आत्या आतून म्हणाली, "त्याची माफी मागून झाली असली तर नवीन मिक्सरचं बघा."

मामांचं घर जुळे सोलापूरमध्ये, चारी बाजूंनी उठलेल्या फ्लॅटांच्या मधोमध, पत्र्याचं आणि बैठं. त्या घरात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं नवीन माणूस बोलता बोलता थांबतो. कारण घर श्वास घेतं. फुस्स, मग थोडी शांतता, मग टक. पुन्हा फुस्स. ते आत्याचं ऑक्सिजनचं मशीन. आत्यानं उमेदीची सगळी वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, आणि सुताची ती पांढरी धूळ तिच्या छातीत कायमची वस्तीला आली. आता मशीनची नळी नाकाला लावूनच ती उठते, बसते, भाजी निवडते. नळी लांबलचक आहे; घरभर फिरते. दुपारी, बाहेर सोलापूरचं ऊन पत्र्यावर कडकड वाजत असताना, मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसे आणि जमिनीवरून ती नळी हळूच सरकताना दिसे. आत्या दिसायची नाही, फक्त नळी. मला भीती वाटायची असं नाही म्हणवत, पण मी पाय खुर्चीवर घ्यायची.

मामांची गाडी आत्यासाठीच होती. ह्यात काही गुपित नव्हतं, सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. आत्या पंचमीला माहेरी गेली नाही असं कधी झालं नव्हतं. नागपंचमीला मैंदर्गीच्या आमच्या घरासमोर लिंबाला झोका बांधतात, ज्वारीच्या लाह्या फुटतात, तंबिट्टाचे लाडू होतात आणि गावच्या झाडून सगळ्या लेकी येतात. मागच्या वर्षी आत्याचं जाणं चुकलं. त्या दिवशी ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपली आणि संध्याकाळी एवढंच म्हणाली, "म्होरल्या पंचमीपातूर मी हाय का न्हाय, कुणाला ठावं. पर असले, तर झोक्याजवळ असीन." डॉक्टरांनी परवानगी दिली, पण ऑक्सिजन मिनिटभराच्या वर तुटता कामा नये असं बजावलं. मग अँब्युलन्सनं जा, असं सगळ्यांनी सुचवलं. त्यावर आत्या जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "लेक माहेरी अँब्युलन्समधनं उतरली तर गाव रडतच म्होरं येतंय. मी सांगत बसू व्हय, थांबा, मी जित्ती हाय म्हणून?" छोटा सिलिंडर घेऊन साध्या गाडीनं जाता आलं असतं, पण सिलिंडरला ऑक्सिजन किती उरला ते दाखवणारा काटा असतो, आणि तो खाली येताना तिनं एकदा पाहिला होता. "मशीनला काटा न्हाय. मला काट्याकडं बघत जायचं न्हाय," ती म्हणाली. म्हणून आत्याचं मशीन जिच्यात चालेल अशी गाडी हवी होती, आणि तशी गाडी कुठंच विकत मिळत नव्हती. मामांनी ती बांधायला घेतली.

सांगाडा, इंजिन आणि कागद एका म्हाताऱ्या व्हॅनचे. बाकीचं सगळं मामांचं. पुढं एक दिवा गोल आणि एक चौकोनी, त्यामुळं गाडी सारखी कशाचा तरी संशय आल्यासारखी बघायची. आत आत्याला टेकून बसता यावं म्हणून पलंगाची फळी आणि तिच्यावर सोलापुरी चादर. मागचा दरवाजा एका जुन्या फ्रिजचा, कारण तो रुंद होता आणि "चुप्पकन लागतो, धाडकन वाजत न्हाय". त्यातले अंडी ठेवायचे खळगेही तसेच होते. आत्याच्या औषधांच्या बाटल्या त्यात नेमक्या बसत. दरवाजा उघडला की आत फ्रिजसारखा दिवा लागायचा. अंगणात ऊन असतानासुद्धा त्या पिवळ्या उजेडातली रिकामी फळी पाहिली, की मला कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटे. प्रत्येक भागाचं माहेर मामांना तोंडपाठ होतं. हा आरसा एका मास्तरांच्या गाडीचा, ही काच पोळ्याच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या टेम्पोची. नियम एकच होता. ज्या गाडीतून मेलेलं माणूस गेलंय, त्या गाडीचं काही घ्यायचं नाही. एकदा चांगले हेडलाइट आणून, बसवून, मग चौकशीत काहीतरी कळलं म्हणून त्यांनी ते भर दुपारी काढून परत नेले होते. "रस्त्यावर त्यांनी काय बघितलंय ते ते इसरत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

सगळं जमलं आणि अल्टरनेटरपाशी अडलं. मामा त्याला डायनामो म्हणतात, आणि आता मीही म्हणते. इंजिन फिरत असताना गाडीला वीज पुरवतो तो हाच. व्हॅनचा मूळचा डायनामो हेडलाइट आणि वायपरपुरता होता. आत्याचं मशीन त्याला जोडलं की घटकाभर चाले आणि मग कुईं कुईं करत लाल दिवा लावी. मी फिजिक्सची विद्यार्थिनी. म्हणून भीत भीत हिशेब केला. मशीनवर लिहिलेले वॅट, त्याला बारा व्होल्टांनी भागून, मधल्या इन्व्हर्टरचं नुकसान धरून. "मामा, निदान दुपटीनं मोठा लागेल," मी म्हणाले. मामांनी माझा कागद डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, सरळ केला. "तुझं बरोबर असंल बाय. पर ह्यात त्याचा सूर कुटं लिहिलाय?" मी म्हणाले, सुराचा काय संबंध? "तुझी आत्या एका सुरात श्वास घेती. डायनामो दुसऱ्या सुरात गेला तर दोघांची भांडणं लागतील की."

मग आम्ही रविवारी भंगार बाजारात जाऊ लागलो. तिथले एक चाचा मामांना बँडच्या दिवसांपासून ओळखत. आम्हाला पाहिलं की ते स्टूल पुढं सरकवत म्हणत, "आओ मास्टर, आज किसका मायका पूछने आए?" आणि प्रत्येक वस्तूला एक नेक माहेर तयार ठेवत. हा ट्रॅक्टरचा, मालक माळकरी. हा शाळेच्या गाडीचा, फक्त लहान पोरं बसायची. मामा डायनामोची पुली हातानं फिरवत, स्क्रू-ड्रायव्हर कानामागं लावत आणि मान हलवत. एकाचा घसा बसलेला, एक नाकात बोलणारा, एक "हसतोय उगंच". एका ट्रकच्या डायनामोवर मात्र ते लुब्ध झाले. खर्जातला, गंभीर आवाज. मी त्याच्यावर लिहिलेलं वाचलं आणि सांगितलं, की हा चोवीस व्होल्टचा आहे.

"जास्तच हाय की मग. वाईट काय त्यात?"

"मशीन जळेल, मामा."

ते खूप वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. "पोरगी चांगली हाय, पर पत्रिका जुळंना," असं चाचांना म्हणाले, आणि जड मनानं तो खाली ठेवला. चाचांनीही हळहळून मान हलवली. स्थळ मोडल्यावर उरते तशी शांतता दुकानात पसरली होती आणि मला विनाकारण अपराधी वाटत होतं.

श्रावण तोंडावर आला तेव्हा चाचांकडं तो दिसला. कोपऱ्यात, पोत्याखाली, पांढुरका, जाडजूड. मी वाकून पाहिलं. बारा व्होल्ट, आणि माझ्या हिशेबाला पुरून उरेल एवढे अँपिअर. मामांनी पुली फिरवली, कान लावला आणि त्यांचे डोळे उघडेचना. कवळी किंचित बाहेर आली, ती त्यांनी जिभेनं आत ढकलली. "ह्याचं माहेर?" त्यांनी विचारलं. चाचा रुमालानं हात पुसू लागले. हात कोरडेच होते.

"ये नक्को पूछो मास्टर. ले जाओ."

"बोला की."

"अँब्युलन्स का है."

मामांनी हळूच विचारलं, "तीत कोण गेलं हुतं का?" चाचा म्हणाले, "अँब्युलन्स में लोगां मरते बी हैं, बचते बी हैं. डायनामो को क्या मालूम, मास्टर? उसने तो सब के वास्ते बराबर बिजली बनाई." मामा बाहेर आले, दुकानासमोरून दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा आत गेले. मला वाटलं ठेवून येतील. ते पोत्यासकट तो लहान बाळासारखा छातीशी धरून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आत्याला बोलायचं न्हाय." नियम त्यांचा, मोडणारेही तेच. पंचमी पुढच्या आठवड्यात होती.

घरी आल्यावर त्यांनी त्याला आधी घासून पुसून ओट्यावर बसवला, हळदकुंकू लावलं आणि कानाशी तोंड नेऊन त्याला नवं नाव सांगितलं. ते काय, हे मला आजही माहीत नाही. मग पाण्याच्या जुन्या मोटरीला पट्टा लावून तो फिरवून बघायचं ठरलं. तारेच्या टोकाला एक छोटा बल्ब लावला. बॅटरी मी आणायला निघाले होते, कारण असला डायनामो आपणहून जागा होत नाही. त्याला आधी बॅटरीचा थोडा करंट द्यावा लागतो, असं पुस्तकात आहे. मामांनी मोटर चालू केली. मी अजून दारातच होते. बल्ब हळूहळू तांबूस झाला, मग पिवळा. बॅटरी जोडलेली नव्हती. मामा माझ्याकडं बघत राहिले, मी बल्बकडं. "मामा, लोखंडात जुनं चुंबकत्व थोडं उरलेलं असतं," मी म्हणाले, "त्यामुळं कधीकधी असं होतं." हे खरं आहे, पुस्तकात तेही आहे. पण सांगताना मी दारातून आत आले नाही. मामांनी मान डोलावली. "व्हय. मी बी तेच म्हणतोय. उरलेलं असतंय."

तो गाडीत बसला आणि आत्याचं मशीन त्यावर झऱ्यासारखं चालू लागलं. पण गाडीत एक नवीन गोष्ट सुरू झाली. टेपच्या स्पीकरमधून, टेप बंद असताना, एक बारीक रडल्यासारखा आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की आवाज चढे, पाय उचलला की उतरे. अर्थिंग नीट नसलं की डायनामोचा आवाज स्पीकरमध्ये शिरतो, एक छोटा कपॅसिटर लावला की जातो. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, "बोलतोय तर बोलू दे. तोंड कशाला दाबायचं?"

पहिली चक्कर आम्ही उन्हं उतरताना मारली. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो नसू, तोच पाण्याच्या टाकीखालचं कुत्रं उठलं आणि मान वर करून रडू लागलं. मग दुसरं. मग पलीकडच्या कॉलनीतलं. मामांनी पाय उचलला की कुत्री सूर उतरवत, दाबला की चढवत. गॅलरीगॅलरीत बायका आल्या. कुणी हात जोडले. आमच्या गाडीचा रंग काळपट लाल, दिवे विजोड, आत पांढऱ्या डोक्याचा माणूस लाल कोटात. त्यात हे रडणं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पदर सावरत धावत आमच्या घरात शिरल्या आणि आत्याला मेथी निवडत बसलेली बघून दारातच थिजल्या. आत्या त्यांना म्हणाली, "न्हाय अजून. बसा."

आम्ही गाडी आत घेतली तेव्हा काकू गेल्या होत्या. आत्यानं मामांना हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मामांनी कोटाची बटणं लावायला घेतली, वरपासून खालपर्यंत.

"अँब्युलन्सचा हाय न्हवं?" ती म्हणाली.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, की मी नाही सांगितलं.

"तिच्याकडं काय बघता. मला वळखू आला. मला दवाखान्यात नेलं तवा तुमी म्होरं बसून भोंगा ऐकत हुता. मी आत पडून भोंग्याच्या खालचा आवाज ऐकत हुते. ह्योच. मला वाटत हुतं, ह्यो थांबला की मी थांबणार." तिनं दम घेतला. फुस्स, टक. "ह्यो थांबला न्हाय."

सोलापुरात अशा गाड्या कितीतरी असतील, आणि सगळ्यांच्या डायनामोचा आवाज साधारण सारखाच असेल, हे मला सांगता आलं असतं. मामा खाली तिच्या नळीशेजारी बसले. त्यांचा आवाज मी कधी एवढा लहान ऐकला नव्हता. "अगं, त्यात गेलेली माणसं असत्याल."

"असत्याल की," आत्या म्हणाली. "मी न्हवं त्यातली. आन् असली तर बसू द्या. फळी लांब हाय."

पंचमीच्या दिवशी सकाळी नवा पेच आला. माहेरी जायला मुराळी लागतो, माहेरचं कुणीतरी लेकीला न्यायला यावं लागतं. आत्या हटून बसली, की आपणहून गेले तर ते माहेरपण नव्हे. माहेरची म्हणजे मी, आणि मी तर आत्याच्याच घरात राहत होते. शेवटी मामांनी मला फाटकाबाहेर काढलं. मी पिशवी घेऊन रस्त्यावर उभी राहिले, जाणाऱ्यायेणाऱ्यांकडं न बघण्याचा प्रयत्न केला आणि मग फाटक वाजवलं. आतून आत्या म्हणाली, "कोण आलंय?" मी म्हणाले, "मैंदर्गीहून मुराळी आलीय." तिनं मला पाटावर बसवून पाणी दिलं, घरच्यांची खुशाली विचारली, प्रवास कसा झाला तेही विचारलं. मी म्हणाले, बरा झाला. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि नळीवर गजरा बांधला होता.

अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. शेतांवर राखाडी उजेड पसरला होता. आत्या फळीच्या एका कडेला बसली होती आणि मी खाली मशीनशेजारी. उरलेल्या फळीवर मी पिशवी ठेवायला गेले, तर तिनं हात आडवा केला. "हितं नगं. बसल्यात." ती थट्टा करत होती की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. रस्त्यात खड्डा आला की फ्रिजचा दरवाजा जरासा सैल होई आणि आतला दिवा लागून ती मोकळी फळी उजळे. स्पीकर रडत होता. वळसंगच्या पुढं गतिरोधकावर गाडी मंद झाली आणि पुन्हा चालली, तेव्हा आवाज एकदम हलका निघाला. मामांनी आरशातून बघितलं. "एक उतरला वाटतं," ते म्हणाले. आत्यानं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक माणूस पाठमोरा चालत होता, पण तो आधीपासूनच तिथं असणार. मी तसंच धरून चालले आहे.

मैंदर्गीत शिरलो. आवाज ऐकून लोक बाहेर आले, पण आत्यानं खिडकीतून हात बाहेर काढून बांगड्या वाजवल्या आणि बायका हसायला लागल्या. "अक्का बंदळू, अक्का बंदळू," शेजारची म्हातारी कानडीत ओरडत पुढं आली. अक्का आली, अक्का आली. लिंबाला झोका बांधलेला होता. लाह्यांचा वास सुटला होता. आणि माझ्या वडिलांनी येऊन सांगितलं, की सकाळपासून गावात लाईट नाही.

मशीन घरात लावता येणार नव्हतं. मामांनी गाडी मागे घेत घेत लिंबाच्या जितकी जवळ जाईल तितकी नेली, फ्रिजचं दार उघडलं आणि नळी बाहेर सोडली. ती झोक्यापर्यंत पोचली, जेमतेम. आत्याला दोन बायकांनी धरून झोक्याच्या पाटावर बसवलं. अडचण ही, की इंजिन नुसतं मंद फिरत राहिलं तर डायनामो पुरेशी वीज देत नाही. पाय सतत थोडा दाबून धरावा लागतो. म्हणून मामांना उतरता येईना. सगळं गाव झोक्याभोवती, आणि ज्यानं तिला आणलं तो माणूस लाल कोटात स्टिअरिंगमागं, काचेतून बघत. आत्यानं त्यांना तंबिट्टाचा लाडू पाठवला. त्यांनी तो डॅशबोर्डावर ठेवला, कारण कवळीला तो झेपत नाही, पण नको म्हणाले नाहीत.

बायका पंचमीचं गाणं म्हणू लागल्या. आत्याला दम नाही, ती नुसते ओठ हलवत होती. झोका कुणी ढकलत नव्हतं, तो आपला इकडून तिकडं हलत होता, नळी तुटणार नाही एवढाच. आणि मग स्पीकरमधलं ते रडणं बदललं. मी आधी लक्ष दिलं नाही. ते चढलं, घुटमळलं, उतरलं, पुन्हा चढलं. आणि बायकांच्या गाण्याची ओळ जिथं वळते तिथं वळलं. एकेक बाई गप्प होत गेली. मामा डोळे मिटून पाय दाबत होते, उचलत होते. त्यांचे ओठ क्लॅरिनेट धरल्यासारखे आवळलेले होते. तो आवाज सुरेल नव्हता. कुणीतरी खूप लांबून, भिंतीच्या पलीकडून, आपलंच गाणं म्हणत असावं तसा तो होता, आणि तो ऐकताना लहान पोरं आयांना चिकटली. आत्याचा झोका त्या तालावर हलत होता. ती हसत होती.

उन्हं कलताना घरातले दिवे लागले. लाईट आली होती. आम्ही मशीन उचलून सोप्यात नेलं, भिंतीतल्या प्लगला लावलं आणि आत्याला तिथं बाजेवर निजवलं. तिला लगेच झोप लागली. मी बाहेर आले. गाडी चालूच होती. मी खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "मामा, लाईट आली. मशीन घरात लावलंय. आता बंद केली तरी चालेल."

"कळलं मला," ते म्हणाले. "तुमी वायर काढली तवाच पायाला कळलं. तिचा भार उतरला की एकदम रिकामं लागतंय." अंगणात आता कुणी नव्हतं, झोका स्थिर होता. मामांनी पाय उचलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला पलीकडचं दार उघडून दिलं आणि शेजारी जागा केली. "बस जरा," ते म्हणाले. "सवय करून घेतोय."